रविवार भटकंती मंडळ

साडेसात वाजले तरी सातारा स्टँडवर मंडळाचं आणखी कोणी आलं नव्हतं.

क्षमाताई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. वाचनालयाच्या फलकावर त्यांनी सूचना वाचली होती: रविवार भटकंती मंडळ, पाटेश्वर, सकाळी सात, वयाची अट नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत भाजी मंडई सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या. आजही निघण्याआधी दोनदा बूट घालून दोनदा काढले होते.

शेजारी सुमंतराव उभे होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, विरलेला स्वेटर घातलेले. हातात भला मोठा थर्मास आणि कागदी पेल्यांची चळत.

"थंडी फार आहे. लोकांना उठवत नाही," ते म्हणाले.

"मग रद्द करायचं का?"

"नाही. मंडळ ठरलेली सहल रद्द करत नाही."

गाडी लागली. क्षमाताई घुटमळल्या. माणूस अनोळखी होता. पण परत जायचं म्हणजे कुलूप उघडायचं आणि दिवसभर पंख्याकडे बघत बसायचं. त्या गाडीत चढल्या.

वाटेत सुमंतराव भरभरून बोलत होते. मागच्या महिन्यात आम्ही यवतेश्वरला गेलो. त्याआधी आम्ही अजिंक्यताऱ्यावर धुक्यात वाट चुकलो. त्यांचं ते 'आम्ही' क्षमाताईंना टोचत होतं. दोन वर्षांत त्यांच्या तोंडी तो शब्द आला नव्हता.

"इथंच उतरायचं," म्हणत सुमंतरावांनी घंटी वाजवली.

पायवाट बोरीच्या काट्यांतून चढत होती. ओढणी दोन ठिकाणी फाटली. पाणी निम्म्या वाटेतच संपलं. दोन तासांनी माथ्यावर पोचले तर देऊळ नाही, कुंड नाही, काही नाही. दगडावर एक म्हातारी बसली होती आणि भोवती तिची शेळ्याकरडं चरत होती.

"आजी, पाटेश्वर कुठं?"

म्हातारीनं काठी उचलून दरीपलीकडचा डोंगर दाखवला. "त्यो ऱ्हायला तिकडं. हितं काय बी न्हाई. हितं मी आन् माझी शेरडं."

सुमंतरावांचा चेहरा उतरला. "चूक माझीच. आधीच्या थांब्यावर उतरवलं मी तुम्हाला. आता तुम्ही कशाला परत याल."

क्षमाताई समोरच्या डोंगराकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. पोटात दुखेपर्यंत हसल्या. म्हातारीही बोळक्या तोंडानं हसायला लागली.

तिचं नाव दगडाबाई. तिनं कळशीतलं गार पाणी दिलं, ओच्यातली बोरं दिली. तिघांनी चहा घेतला. थालीपीठं काढली, तर डबा खाली ठेवायचा अवकाश, एका शेळीनं वरची दोन ओढून नेली.

"आवं, तिचा बी रविवार हाय," दगडाबाई म्हणाली.

उतरताना वाळल्या गवतावरून क्षमाताईंचा पाय घसरला. उठण्याऐवजी त्या तशाच बसून घसरत खाली आल्या. मागून सुमंतरावही आले. खाली पोचल्यावर दोघांच्या कपड्यांना कुसळंच कुसळं. रस्त्याकडेला उभं राहून ती वेचता वेचता दोन गाड्या निघून गेल्या. तिसरी मिळाली तेव्हा उन्हं कलली होती.

खिडकीशी बसून क्षमाताईंनी बूट सैल केले. पाय ठणकत होते. कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली होती.

"पुढच्या रविवारी खरं पाटेश्वर," त्या म्हणाल्या. "आणि आज आले नाहीत त्यांना मी स्वतः सांगणार, काय हुकलं ते. एकूण सभासद किती आहेत हो मंडळात?"

सुमंतराव रिकामा थर्मास उगीच घट्ट बंद करत राहिले.

"आजपासून दोन," ते म्हणाले.