प्रयोगाची अट

धर्माचा शास्त्रीय अभ्यास शिकवणारा प्राध्यापक घराबाहेर पडताना आई दाराशी उभी राहून त्याच्यासाठी प्रार्थना पुटपुटायची. "त्यामुळेच मी सुखरूप परततो, कशावरून? महिनाभर बंद कर, बघू काय होतं ते," तो एकदा हसत म्हणाला. लेकाच्या हट्टापुढे तिचं काय चालणार!

महिनाभरात त्याला साधी ठेचसुद्धा लागली नाही. आईने मात्र अंथरूण धरलं, आणि डॉक्टरांनी हात टेकले. प्रयोगबियोग विसरून तो तिच्या उशाशी रडवेला झाला. "आई, पुन्हा सुरू कर गं प्रार्थना. या खेपेला स्वतःसाठी."

 

आई समाधानाने हसली. "बंद करण्याआधी एवढंच मागून ठेवलं होतं रे, तुझ्यावर काही यायचं असेल तर ते माझ्यावर येऊ दे."