सव्वासतरा डॉलर

"सतराला विकला. सगळा," हाल्वर स्कॉग्लुंड म्हणाला आणि त्याने सफरचंदाच्या पायचा घास तोंडात टाकला. "कापणी चालू असतानाच. शेतातून थेट ट्रकमध्ये, कणगीचं तोंडही दाखवलं नाही."

कॅफेतल्या लांब टेबलाभोवतीच्या शेतकऱ्यांनी आपापले कप खाली ठेवले. बुशेलच्या एका मापाला सतरा डॉलर! कापणी उरकून महिना झाला नव्हता आणि कनोलाच्या तेलबियांचा भाव आत्ताच सोळाच्या खाली आला होता.

ओरेस्ट बुर्याकचा जळफळाट झाला. त्याची आणि हाल्वरची शेतं लागून होती. पाऊस दोघांवर सारखाच पडायचा, गाराही सारख्याच. पण कनोला पिवळा व्हायचा तो आधी हाल्वरचा. कडाक्याच्या थंडीत पहिल्या झटक्याला सुरू व्हायचा तो ट्रॅक्टरही हाल्वरचाच. फार काय, हाल्वरने शीळ घातली की ओरेस्टचा कुत्रासुद्धा शेपूट हलवत कुंपणापलीकडे पळायचा.

"आणि तुझं काय रे, ओरेस्ट?" कोणीतरी विचारलं. "अजून अंडी उबवतोयस वाटतं!"

सगळं टेबल हसलं. हाल्वर जरा जास्तच हसला.

"सव्वासतरा," ओरेस्ट म्हणाला. "मीही शेतातूनच."

हाल्वरचं हसणं थांबलं. त्याने पायची बशी बाजूला सारली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. त्या अर्ध्या उरलेल्या पायकडे बघताना ओरेस्टला फार बरं वाटलं.

घरी येईपर्यंत मात्र ते बरं वाटणं ओसरलं.

"सव्वासतरा?" त्याची बायको नेटी चुलीपाशी डाव हातात घेऊन वळली. "मग आपल्या कणग्यांत काय भरलंय? माझ्या लग्नातल्या चादरी?"

"तो म्हणाला सतरा. मग मी काय गप्प बसू?"

"बसायचं होतं! जीभ आहे की घसरगुंडी?"

"भाव पुन्हा चढेल, नेटी. सव्वासतरा झाला की गुपचूप विकू. म्हणजे बोललेलंही खरं होईल."

भाव चढला नाही. बर्फ पडू लागला तेव्हा तो पंधरावर आला. नाताळ झाला आणि तो चौदावर आला. ओरेस्ट रोज सकाळी रेडिओवरचे बाजारभाव ऐकायचा आणि मग खिडकीतून हाल्वरच्या घराकडे बघत बसायचा. तिकडे सगळं शांत होतं. वारा तिकडून असला की कणगीला हवा देणाऱ्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. हाल्वरचा गहू असणार. बाकी त्याला कसली काळजी? सतराचे पैसे खिशात घालून कसा गाढ झोपत असेल! त्या झोपेचासुद्धा ओरेस्टला हेवा वाटायचा.

"विकून टाक आता," नेटी म्हणायची. "वर्षभराचा घाम आहे तो. पुढची पेरणी त्याच्यावरच आहे."

"धान्य विकत घेणारी कोठी कॅफेच्या खिडकीसमोर आहे. माझा ट्रक तिथल्या वजनकाट्यावर चढला की सगळे काचेला नाक लावून बघतील. हाल्वर तर खुशीत माझ्यासाठी सफरचंदाचा पाय मागवेल."

"मग हाल्वर हसू नये म्हणून आपण उपाशी राहायचं?"

मार्च आला आणि भाव बारा झाला. आता बर्फ वितळून रस्ते मऊ झाले की जड ट्रकांना बंदी होणार होती. उन्हाने कणग्या तापल्या की आतला कनोलाही तापून खराब होणार होता. शेवटी नेटीनेच ट्रकची किल्ली आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"रेल्वेच्या पलीकडे दूरची कोठी आहे ना, तिथे जा. तिथे तुला कुत्रंही ओळखत नाही."

ओरेस्टने कनोला भरला, वर ताडपत्री आवळली आणि उजाडायच्या आत निघाला. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं नाही. दूरच्या कोठीपुढे ट्रकांची लांब रांग होती. तो तिच्या शेवटी उभा राहिला. बघता बघता त्याच्या मागेही ट्रक लागले. आता मागे वळायची सोय नव्हती.

पुढच्या ट्रकचं दार उघडलं आणि पाय मोकळे करायला हाल्वर खाली उतरला.

दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"अरे, ओरेस्ट! तू इकडे कुठे?"

ओरेस्टही उतरला. "गहू उरला होता थोडा. म्हटलं, इथे भाव बरा मिळेल. तू?"

"गहूच." हाल्वरने आपल्या ताडपत्रीवर हात ठेवला. "कनोलाचं बरं झालं बाबा, आधीच निपटलं."

"बारा म्हणजे काय भाव झाला? भरडले गेले बिचारे लोक."

"ज्यांनी धरून ठेवला, ते मूर्ख," हाल्वर म्हणाला.

"अगदी मूर्ख," ओरेस्ट म्हणाला.

इतक्यात कोठीवरचा कर्णा खरखरला आणि काट्यावरच्या बाईचा आवाज आला.

"मंडळी, ऐका! गव्हाची जागा भरली. आज गहू घेणार नाही. फक्त कनोला! गहूवाल्यांनी डावीकडून रांगेबाहेर पडा."

मागचे दोन-तीन ट्रक चरफडत डावीकडे वळून निघून गेले.

हाल्वरने घसा खाकरला. ओरेस्टने टोपी कानांवर ओढली. दोघे आपापल्या ट्रकमध्ये चढले आणि दोघांनी आपापलं दार लावून घेतलं. जरा वेळाने रांग पुढे सरकली, तसा हाल्वरचा ट्रक पुढे सरकला आणि त्याच्या मागोमाग ओरेस्टचाही.