बारावं पाकीट

तिने पाकीट उलटं केलं आणि तळाशी छापलेला लॉट नंबर वाचला. शेवटचे तीन आकडे चार, सात, नऊ. हाच.

"या नंबरची आणखी किती आहेत?" तिने विचारलं.

मेडिकलवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. गल्लीत सगळे त्याला मामा म्हणत. "लोक एक्स्पायरी बघतात ताई, तुम्ही नंबर बघताय. टॅम्पॉन सगळे सारखेच असतात."

"मला हाच नंबर हवा. असतील तितकी द्या."

फळीवर सात निघाली. घरात मुलींची पलटण आहे की काय, असं मामांनी हसत विचारलं. एकच आहे, असं सांगून तिने पिशवी उघडून धरली.

खरं बोलून तिने एकदा पाहिलं होतं. पहिल्याच दुकानात तिने सगळं सांगून टाकलं होतं. मुलगी एकोणीस वर्षांची. पाळीतही पोहायला जाता यावं म्हणून पॅडऐवजी आत ठेवायचं हे वापरू लागलेली. पाळी संपता संपता ताप आला, तेव्हा आईनेच गोळी दिली आणि पांघरूण घालून दिवा मालवला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी आतून कापसाचा तुकडा काढला, सुटून मागे राहिलेला. विष तोवर रक्तात भिनलं होतं. पाचव्या दिवशी मुलगी गेली.

तो दुकानदार हळहळला, घाबरलाही. आणि त्याच दुपारी त्याने उरलेला माल एजन्सीला परत पाठवला. आठवड्याने तीच पाकिटं तिला बसथांब्याजवळच्या दुकानात दिसली.

ती सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत धाग्यांची ताकद तपासायची. तिथले लोक तिला ताणबाई म्हणत. मुलीच्या कपाटात राहिलेल्या पाकिटातले सहा नग तिने एका सकाळी यंत्राला लावले. दोन कोरेच ताणले, ते टिकले. चार कोमट पाण्यात भिजवून ताणले. त्यातल्या तीन नगांची शिवण सुटली. दोरीबरोबर अर्धा कापूस आला, अर्धा चिमट्यातच राहिला. तिने आकडे वहीत उतरवले, खाली तारीख घातली, आणि मग प्रयोगशाळेच्या मोरीत तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिली.

ते आकडे तिने औषध प्रशासनाकडे केलेल्या तक्रारीला जोडले. अर्ज घेणारा कारकून भला माणूस होता. नमुन्यांचा अहवाल यायला दोन महिने लागतील, तोवर बाहेर काही बोललात तर कंपनी तुमच्यावरच उलटेल, असं त्याने आवाज खाली आणून सांगितलं.

दोन महिने म्हणजे दोन पाळ्या, असं तिच्या मनात आलं. कुणाकुणाच्या मुलींच्या, कोण जाणे.

तेव्हापासून ती काही न बोलता विकत घेत होती. दुकानदार असल्याचं भासवून तिने एजन्सीतल्या बाईकडून फोनवर यादी मिळवली होती. एकूण नऊ दुकानं. जे आधीच खपलं होतं त्याला तिचा इलाज नव्हता. उरलेलं मात्र एकही सोडायचं नाही, एवढंच तिने धरलं होतं. मामांचं दुकान यादीत शेवटचं. तिथे गेलेली पाकिटं बारा.

संध्याकाळी नवरा कात्री घेऊन तिच्या शेजारी बसे. ज्या वस्तूचं नाव त्याने घरात कधी उच्चारलं नव्हतं, ती तो एक एक करून कापी आणि बादलीत टाकी.

दुसऱ्या खेपेला मामांनी माळ्यावरचे खोके उतरवून आणखी चार शोधून दिली. आमच्याकडे हे फारसं कुणी घेत नाही, तुम्ही नसता आलात तर धूळ खात पडली असती, असं ते म्हणाले. एवढ्या लांबून येता, काम काय करता, हेही विचारून झालं. तिने सांगितलं.

"म्हणजे वस्तू तपासणं हाच तुमचा धंदा." मामांनी मान डोलावली. मग काउंटरवर थोडं पुढे वाकून त्यांनी विचारलं, "या नंबरात असं काय आहे, ताई? मी कुणाला सांगणार नाही."

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग एजन्सीला परत गेलेला तो माल तिला आठवला.

"घरी हाच लागतो," ती म्हणाली.

मामा पाकिटाकडे बघत राहिले.

आता एकच राहिलं होतं. माळा पुन्हा उलथापालथा करून बघतो, असं मामांनी कबूल केलं होतं. आठवड्याने ती निघाली, तेव्हा नवऱ्याने दारात विचारलं, आज संपेल ना. ती हो म्हणाली. त्यानंतर रोज संध्याकाळी काय करायचं, हे दोघांनीही विचारलं नाही.

मामांनी तिला बघताच स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"बारावं सापडलं का?"

"बारा होती हेही ठाऊक आहे? पक्क्या आहात." मामा हसले, मग जरा ओशाळले. "रागावू नका, ताई. ते सापडायचं नव्हतंच, मीच बाजूला ठेवलं होतं. तुमच्यासारखी तपासणारी बाई पुन्हा पुन्हा येऊन एकच नंबर उचलते, तर आम्ही काय डोळे मिटून बसायचं? म्हटलं, एक तरी आपल्या घरी राहू दे. लेक नकोच म्हणत होती, तिने हे कधी वापरलेलं नाही. तुमचं नाव सांगून मीच हातात दिलं."

तिने काउंटरची कड धरली. कधी, एवढंच विचारलं.

"झाले पाच-सहा दिवस. तुम्हाला भेटायचंय म्हणत होती. वरच राहतो आम्ही, आत्ता हाक मारली असती," मामा जिन्याकडे बघत म्हणाले, "पण कालपासून ताप आहे तिला, म्हटलं झोपू दे."