बधिर हात

खांद्याच्या ऑपरेशनसाठी मास्तरांना टेबलावर बसतं केलं होतं. मानेत इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर केलेला, तो पडद्यापलीकडे सर्जनच्या बाजूला; मास्तर टक्क जागे.

"माझा हात कुणीतरी धरलाय," ते म्हणाले.

भूलतज्ज्ञ बाई कुत्सित हसल्या. जन्मभर पोरांना चळचळा कापायला लावणारा माणूस, आणि हा असा भित्रा! "त्या हाताला आता सुरीसुद्धा कळायची नाही, मास्तर."

"ओढतोय हो!"

मास्तरांच्या हृदयाचे सत्तरवर असलेले ठोके धाडकन तिसावर आले, रक्तदाब कोसळला. बाईंनी सलाइनमधून औषध सोडलं. ठोके हळूहळू वर चढले.

"सोडला," मास्तर पुटपुटले.

"नाटकं नुसती!" बाईंनी नाक मुरडलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडून सर्जन वैतागून म्हणाला, "मॅडम, माझा हात सोडा."

बाईंचे दोन्ही हात पडद्याच्या अलीकडे, सलाइनच्या नळीवर होते.