अपडेटनंतरची घरघर

प्रोग्रामर मंडळींना कोडमधल्या चुका शोधून देणारं एक सॉफ्टवेअर परळच्या एका कंपनीने बनवलं होतं. त्याच्या तक्रारी ऐकायला संघमित्रा बसायची. सकाळी नवं अपडेट गेलं आणि तेव्हापासून फोनवर, ईमेलवर प्रत्येक ग्राहक एकच सांगत होता, "मॅडम, कॉम्प्युटरमधून घरघर येतेय."

त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची एकही फाईल नव्हती. तिने तीनदा दुरुस्ती पाठवली. दर वेळी घरघर वाढली, आणि आता तर त्यात काहीतरी घासल्यासारखंही वाजू लागलं. संध्याकाळपर्यंत हे निस्तरलं नाही तर उद्यापासून घरी बस, असं साहेबांनी सुनावलं होतं.

दुपारी तिचे वडील शामराव तिचा विसरलेला डबा घेऊन नायगावहून आले. ब्याऐंशीच्या संपापर्यंत ते याच जागेवरच्या गिरणीत सूत काढायच्या मशीनवर होते. नंतर गिरणी उघडलीच नाही. लेकीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी हेडफोन कानाला लावला.

ऐकता ऐकता त्यांची बोटं हवेतच तुटलेलं सूत जोडू लागली.

"बाबा, काय झालं?"

"गिरणीतलं आमचंच खातं आहे गं हे. कोपऱ्यातली चाती अशीच घासायची." त्यांनी हेडफोनची एक बाजू तिच्या कानाशी धरली. "पण संपाच्या दिवशी सगळी मशीनं बंद करून आम्ही बाहेर पडलो होतो. सगळेच्या सगळे."

घरघर एकाएकी थांबली. मग संघमित्रालाही हेडफोनमधून स्पष्ट ऐकू आलं. कोणीतरी धापा टाकत, अगदी दमलेल्या आवाजात विचारत होतं,

"शाम्या, पाळी सुटली का रे?"