बिनआवाजाचा बंब

अग्निशमन समितीच्या बैठकीचा दुसरा विषय होता आग विझवायच्या, विजेवर चालणाऱ्या बंबाची खरेदी. नमुन्यादाखल आणलेला बंब खाली आवारात उभा होता आणि सगळे नुकतेच तो पाहून वर आले होते. तो सुरू आहे की बंद, हे एकालाही सांगता आलं नव्हतं. अध्यक्ष त्यावरच खूश होते. आवाज न करणारी कुठलीही गोष्ट त्यांना आवडे. समितीच्या सदस्यांबद्दलही त्यांचं मत तेच होतं.

"धूर नाही, डिझेल नाही, कानाला त्रास नाही," ते म्हणाले. "आता बंब चालवणाऱ्यांचं म्हणणं नोंदवू. चालकांत सगळ्यांत जुने तुम्हीच ना? तुम्ही हो म्हणालात की विषय संपला."

चालक उठून उभा राहिला. सव्वीस वर्षं बंब चालवलेला माणूस होता तो.

हरकत घ्यायला कारण त्याच्याकडे होतं. धुरात शिरलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. तो बाहेर येतो ते बंबाच्या घरघरीकडे कान लावून. म्हणून आत माणूस असेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, टाकीत पाणी असो नसो. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण प्रत्येक चालक पहिल्या दिवशी हेच शिकतो. बंबच मुका असला तर आतल्या पोरांनी कशाच्या भरवशावर बाहेर यायचं? एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

पण ते बोललं की गेल्या वर्षीच्या गोदामाच्या आगीचा विषय निघाला असता. टाकी रिकामी झाली होती, वायरलेसवर काहीतरी सांगत होते, आणि घरघरीत शब्द कळेनात म्हणून त्याने इंजिन बंद केलं होतं. तीन-चार मिनिटंच. चौदा वर्षं त्याच्याच बंबावर असलेला जोडीदार गोदामात दारापासून दहा पावलांवर मेलेला सापडला, दाराकडे पाठ करून. चौकशीत चालकाने लिहून दिलं की इंजिन अखेरपर्यंत चालू होतं.

जोडीदाराची बायको समोरच बसली होती, बैठकीचं इतिवृत्त लिहीत. नवऱ्यामागे तिला इथेच कारकुनाची नोकरी मिळाली होती. त्या नोकरीसाठी चालकानेच चपला झिजवल्या होत्या, आणि त्याच्या चांगुलपणाचे गोडवे कार्यालयभर गायले जात. ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"बोला की," अध्यक्ष म्हणाले. "काही शंका?"

"आवाजाचं जरा..." चालकाने घसा खाकरला. "आत गेलेल्या माणसाला आवाजाचा आधार असतो, साहेब."

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. "आधार म्हणजे काय? त्याने कुणाचा जीव वाचतो का?"

चालकाची नजर इतिवृत्ताच्या वहीकडे गेली. तिने लिहिता लिहिता मान वर केली.

"मी बोलू का, साहेब? आमचे हे घरी सांगायचे, बंबाचा आवाज कानावर आहे तोवर मी घरी येणारच, असं समज." तिने चालकाकडे पाहिलं. त्या नजरेत नुसता विश्वास होता. "त्या दिवशी तर भाऊजींनी शेवटपर्यंत चालू ठेवला होता. तरी नाहीच आले. उगाच कशाला बाकीच्यांनी आवाजावर भरवसा ठेवायचा?"

अध्यक्षांनी सावकाश मान हलवली आणि ते पुन्हा चालकाकडे वळले.

"मग? तुमचं काय म्हणणं?"

चालकाने तोंड उघडलं. खिडकीतून आवार दिसत होतं. दोन जवान नव्या बंबावर चढून हसत होते. त्यांतला एक दोन महिन्यांपूर्वीच बाप झाला होता.

"तेच," तो म्हणाला. "त्या म्हणतात तेच."

तिने हरकतीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे, भाऊजी."