म्हसळ्याची कॅसेट

पत्नीच्या व्हिसाचा अर्ज सहीसाठी समोर होता. सहा वर्षांच्या मुलीचे नाव इलियास सरांनी त्यात घातले नव्हते. दुभंगल्या चेहऱ्याच्या त्या मुक्या मुलीला त्यांनी जन्मल्यावर एकदाच पाहिले आणि रजा अर्धवट टाकून ते बहारीनला परतले. अशा पलायनाला सभ्य भाषेत नोकरी म्हणतात.

शाळेतून दमून आलेल्या सरांनी बहारीनच्या झिंज वस्तीतल्या आपल्या खोलीत कॅसेट लावली. म्हसळ्याहून ती आठ दिवसांपूर्वी निघाली होती. घरची खुशाली दरमहा अशीच आवाजात येई.

“ऐकलंत का,” पत्नी मसूदा हसत होती, “पोरगी बोलायला लागली! अगदी तुमच्यासारखी. बोल गो, अब्बांना सांग.”

मग सरांचाच शिणलेला, घोटीव आवाज इंग्रजीत बोलू लागला : “निर्मिती कुरूप निघाली म्हणून तिला टाकून पळणारा निर्माता राक्षसाहून हीन असतो.”

हे वाक्य त्यांनी आज सकाळीच, एक जुनी भयकादंबरी शिकवताना, वर्गात उच्चारले होते. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली होती.

टेपमध्येही ती वाजली. मग तोच आवाज घरच्या बोलीवर आला.

“अम्मीचाच व्हिसा काढा, अब्बा. मला लागत नाय.”